तांब्याच्या देशातला दुष्काळ: झांबियात पावसाचा तोटा कोणाच्या वाट्याला येतो

मला विचारलेला प्रश्न असा आहे की, ज्या देशांचा संसार खनिजांवर किंवा तेलावर चालतो, तेथे हवामानबदलाचा फटका स्त्रियांना अधिक बसतो असे वारंवार सांगितले जाते, ते कितपत खरे आहे, त्यात निसर्गाचा वाटा किती व राजकारणाचा किती, आणि करता येण्यासारखी एखादी गोष्ट आहे का. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील शेती आणि दुष्काळनिवारणाच्या योजना तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. या प्रश्नाला सर्व देशांना लागू पडेल असे उत्तर दिले, तर ते खरे असूनही निरुपयोगी ठरते, असे माझे मत झाले आहे. म्हणून मी एकाच देशाच्या आधाराने उत्तर देते. तो देश म्हणजे झांबिया.

झांबिया निवडण्याचे कारण आहे. या देशाच्या निर्यातीच्या उत्पन्नातील सुमारे ७० टक्के वाटा एकट्या तांब्याचा आहे. १९६४ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यापासून तेथे यादवी युद्ध झालेले नाही, निवडणुका होतात, आणि त्यांतून सत्तांतरही होते. त्यामुळे येथे स्त्रियांची जी अवस्था दिसते, तिचे खापर युद्धावर किंवा लष्करी राजवटीवर फोडता येत नाही. २०२३-२४ च्या हंगामात एल निन्योमुळे पावसाने दडी मारली, तेव्हा ११६ पैकी ८४ जिल्हे होरपळले, आणि पेरलेल्या सुमारे २२ लाख हेक्टर मक्यापैकी जवळजवळ १० लाख हेक्टर मका वाया गेला. आदल्या वर्षी सुमारे ३३ लाख टन असलेले मक्याचे उत्पादन १५ लाख टनांवर आले. मका हेच तेथले मुख्य अन्न आहे. त्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला न्शिमा पोटात गेल्याशिवाय तेथील माणसाला जेवल्यासारखे वाटत नाही.

माझे उत्तर थोडक्यात असे आहे. पाऊस न पडणे निसर्गाच्या हाती असते, पण त्या तोट्याचे वाटप माणसे करतात, आणि ते दुष्काळाच्या पुष्कळ आधी ठरून गेलेले असते. झांबियातील ग्रामीण स्त्रीचा जमिनीवरचा, बैलांवरचा, विजेवरचा आणि सरकारी मदतीवरचा हक्क बहुतेक वेळा थेट तिचा नसतो. तो नवऱ्यामार्फत, दिरामार्फत, सहकारी संस्थेमार्फत किंवा चीफमार्फत, म्हणजे परंपरागत प्रमुखामार्फत, तिच्यापर्यंत येतो. चांगल्या वर्षात ही मधली माणसे फारशी अडसर ठरत नाहीत. टंचाईत मात्र ती आधी स्वतःचे बघतात. तांब्यावर चालणारे सरकार ही व्यवस्था मोडण्याची घाई करत नाही, कारण त्याची तिजोरी त्या स्त्रीच्या शेतावर अवलंबून नसते.

पुढे जाण्यापूर्वी एक सावधगिरी सांगणे गरजेचे आहे. ‘आपत्तीत स्त्रिया दगावण्याची शक्यता पुरुषांपेक्षा १४ पट असते’ असे एक वाक्य अहवालांतून आणि भाषणांतून सर्रास फिरते. त्या आकड्यामागे तपासता येईल असा अभ्यास सापडत नाही, आणि तो वापरू नये असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. ज्यावर विसंबता येईल असा अभ्यास एरिक न्यूमायर आणि थॉमस प्लुम्पर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. १९८१ ते २००२ या काळातील १४१ देशांची माहिती तपासून त्यांनी दाखवले की, मोठ्या नैसर्गिक आपत्तींमुळे स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक घटते, आणि जेथे स्त्रियांचे सामाजिक व आर्थिक स्थान चांगले असते तेथे हा फरक कमी होत जातो. या निष्कर्षातला दुसरा अर्धा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण स्थान बदलले की फटक्याचे प्रमाण बदलते, हे त्यातून कळते.

हे स्थान झांबियात कसे घडत गेले, ते समजून घ्यायला खाणींच्या सुरुवातीपर्यंत मागे जावे लागते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, तांब्याच्या मोठ्या खाणी उभ्या राहू लागल्या. वसाहतीच्या सरकारने लावलेला झोपडीवरचा कर भरायला रोख पैसा लागे, आणि तो मिळवण्यासाठी पुरुष खाणींवर जात. मजुरी ठरवताना एका माणसाचा खर्च धरला जाई. घरच्या बायको-मुलांचे पोट गावाकडच्या शेतातून भरेल, हे गृहीत असे. याचा अर्थ, गावात मागे राहिलेल्या स्त्रियांच्या श्रमाने खाणीची मजुरी स्वस्त ठेवली. स्त्रिया खाणींच्या वस्त्यांवर येऊ लागल्या तेव्हा काही कंपन्यांना कामगार टिकावेत म्हणून ते चालत होते, पण १९३० च्या दशकात वसाहतीचे अधिकारी आणि चीफ यांनी मिळून अविवाहित स्त्रियांना गावी परत पाठवण्याचे प्रयत्न केले. रूढीच्या नावाने आज जे दाखवले जाते, त्यातला बराच भाग याच काळात चीफ आणि इंग्रज अधिकारी यांच्या संगनमताने पक्का झालेला आहे. ‘आमची परंपराच अशी आहे’ हे वाक्य ऐकताना मला या इतिहासाची आठवण ठेवावी लागते.

खनिजसंपत्ती स्त्रियांना मागे कशी ठेवते, याविषयी राज्यशास्त्रज्ञ मायकेल रॉस यांनी २००८ मध्ये तेलाच्या संदर्भात एक मांडणी केली होती. तेलाचा पैसा आला की चलन महागते, निर्यात करणारे छोटे कारखाने बुडतात, आणि कापड-शिलाईसारख्या ज्या उद्योगांतून इतर देशांतील स्त्रिया घराबाहेरच्या कामात आणि तेथून संघटनांत व राजकारणात शिरल्या, ती दारेच उघडत नाहीत, असा तिचा मथितार्थ आहे. या मांडणीवर पुष्कळ वाद झाले. तरी झांबियाच्या बाबतीत तिचा गाभा मला बराचसा पटतो. खाणीतील संघटित नोकरी आजही प्रामुख्याने पुरुषांची आहे. स्त्रियांच्या वाट्याला शेती, बाजारातील टोपली आणि घरगुती धंदा येतो, आणि ही तिन्ही कामे पावसाच्या भरवशावर आहेत.

आता करिबा धरणाकडे वळते. राजकारण, लिंगभाव आणि हवामान या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी इतक्या स्पष्ट दिसतील असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

झांबेझी नदीवरचे करिबा धरण १९५५ ते १९५९ या काळात बांधले गेले. तेव्हा उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिण ऱ्होडेशिया आणि न्यासालँड (आजचा मलावी) यांचे संघराज्य गोऱ्या वसाहतवाल्यांच्या ताब्यात होते. उत्तर ऱ्होडेशियाला काफुए नदीवर धरण हवे होते, पण निर्णय करिबाच्या बाजूने झाला, आणि पहिले वीजघर दक्षिण काठावर, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेच्या बाजूला, उभे राहिले. जागतिक बँकेने त्यासाठी ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. वीज हवी होती ती तांब्याच्या खाणींना आणि दक्षिणेतल्या कारखान्यांना. तिच्यासाठी ग्वेंबे खोऱ्यातील सुमारे ५७,००० टोंगा लोकांना नदीकाठ सोडावा लागला. १९५८ मध्ये चीफ चिपेपो यांच्या भागात लोकांनी हलायला नकार दिला, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण मारले गेले.

टोंगा समाज मातृवंशीय आहे, म्हणजे तेथे कुळ आणि वारसा आईच्या बाजूने चालतो. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत वर्षातून दोनदा पीक निघे. पावसाळा संपून पूर ओसरला की ओलाव्यावर दुसरे पीक घेता येई. पाऊस फसला तरी नदीकाठ अगदीच रिकाम्या हाताने पाठवत नसे. या जमिनींपैकी पुष्कळ वाफे स्त्रियांच्या स्वतःच्या हक्काचे होते. ते त्यांना आईकडून किंवा मातृकुळाकडून मिळालेले असत. एलिझाबेथ कोल्सन आणि थेअर स्कडर या मानववंशशास्त्रज्ञांनी धरणाआधीपासून पुढे कित्येक दशके या लोकांचा अभ्यास केला. त्यांच्या नोंदींतून दिसते ते असे: नव्या ठिकाणी उंचावरचे जंगल तोडून शेते तयार करावी लागली, तोडण्याचे काम पुरुषांनी केले, आणि जो तोडेल त्याची जमीन या न्यायाने शेते पुरुषांची झाली. स्त्रियांचा जुना हक्क ज्या वाफ्यांना चिकटलेला होता, ते वाफेच पाण्याखाली गेले. कोणी कायदा करून तो काढून घेतला नाही, त्यामुळे कोणत्याही कागदावर हे नुकसान दिसत नाही, आणि भरपाईच्या हिशेबातही त्याला जागा मिळाली नाही.

हवामानाच्या दृष्टीने यात दोन गोष्टी घडल्या. नदीच्या ओलाव्यावर येणारे दुष्काळाचे राखीव पीक गेले, आणि त्या समाजाची सगळी शेती एकाच पावसावर आली. शिवाय घरातील जे हात रोज न्शिमा शिजवतात, त्या हातांतून जमिनीचा निर्णय निसटला. नंतरच्या प्रत्येक दुष्काळात ग्वेंबे खोरे मदतीच्या यादीत वरच्या बाजूला दिसते, आणि अहवालांत त्याचे कारण ‘कमी पावसाचा प्रदेश’ असे लिहिलेले असते. पाऊस तेथे पूर्वीही कमीच होता. हे कारण निम्मेच खरे आहे.

या धरणाचा पुढचा अध्याय २०२४ मध्ये घडला. झांबियाची वीज ८० टक्क्यांहून अधिक पाण्यावर तयार होते, आणि करिबाचा वापरता येण्याजोगा साठा त्या वर्षी १० टक्क्यांच्या खाली गेला. मार्चमध्ये आठ तासांचे लोडशेडिंग सुरू झाले. वर्षाच्या अखेरीस अनेक वस्त्यांना दिवसाला जेमतेम तीन तास वीज मिळत होती. देशातील साधारण निम्मी वीज खाणी वापरतात. खाणींनाही कपात सोसावी लागली, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांच्याजवळ परकीय चलन होते, शेजारच्या देशांतून वीज विकत घेण्याचे करार होते, आणि खाण थांबली तर डॉलर थांबतील ही भीती सरकारला होती. राजधानी लुसाकाच्या वस्तीत केशकर्तनाचे दुकान चालवणाऱ्या, फ्रीझरमध्ये मासे ठेवून विकणाऱ्या किंवा कोंबडीची पिल्ले उबवणाऱ्या बाईजवळ यातले काहीच नव्हते. तिच्या धंद्याचे नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात फार मोठे दिसत नाही, आणि म्हणूनच ते आधी सोसायला लावता येते.

वीज गेली की स्वयंपाक लाकडी कोळशावर जातो. शहरातील मागणी वाढली की खेड्यांत भट्ट्या वाढतात, जंगल तुटते, आणि सरपण गोळा करणाऱ्या बाईची पायपीट वाढते. भट्टी लावणारे बहुधा पुरुष असतात आणि रस्त्याकडेला लहान ढीग मांडून विकणाऱ्या बहुधा स्त्रिया, त्यामुळे ‘स्त्रिया जंगल वाचवतात’ हे सरधोपट वाक्यही येथे टिकत नाही. दुष्काळात कोळसा विकणे हा अनेक घरांचा एकमेव रोख आधार असतो. त्यांना जंगलाचे महत्त्व पटवून द्यायला जाणारी माणसे मला नेहमीच अस्वस्थ करतात.

शेतीत हा फरक कसा पडतो, ते बैलांवरून नीट कळते. दक्षिण प्रांतात नांगरट बैलांनी होते, आणि गुरे बहुतांशी पुरुषांच्या मालकीची असतात. १९९० च्या दशकात गोचिडांमुळे पसरणाऱ्या रोगाने तेथील गुरे मोठ्या संख्येने मेली, आणि ज्यांच्याजवळ आधीच कमी होती त्यांची दावण रिकामी झाली. पहिला पाऊस नोव्हेंबरात येतो. ज्याच्याजवळ बैलजोडी आहे तो आधी स्वतःचे शेत नांगरतो, मग नातेवाइकांचे, मग पैसे देणाऱ्यांचे. विधवेचा किंवा एकट्या बाईचा नंबर शेवटी लागतो, तोवर डिसेंबर सरत आलेला असतो. मका उशिरा पेरला की पीक फुलोऱ्यात असताना पाऊस उघडतो, आणि उतारा प्रत्येक आठवड्याच्या उशिरामागे घसरत जातो. एकाच गावात, एकाच पावसात, शेजारच्या दोन शेतांत एकीकडे कणसे भरलेली आणि दुसरीकडे पोचट दिसतात, त्याचे कारण आकाशात शोधून सापडत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून १९९० च्या दशकापासून झांबियात संवर्धन शेतीचा मोठा प्रचार झाला. कोरड्या महिन्यांतच कुदळीने खड्डे घेऊन ठेवायचे, त्यांत खत टाकायचे, आणि पहिल्या पावसाबरोबर पेरायचे. बैलांची वाट पाहावी लागत नाही, ओल टिकते, आणि पेरणी वेळेवर होते. तंत्र म्हणून ते चांगले आहे, आणि अनेक एकट्या स्त्रियांना त्याचा खरोखर उपयोग झाला. परंतु जमीन उलथली नाही की तण माजते, आणि निंदणी हे स्त्रियांचे काम समजले जाते. तणनाशक परवडत नसेल तर बैलांचे काम वाचते आणि बाईचे वाढते. प्रकल्पाच्या कागदावर ‘अनुकूलन यशस्वी’ अशी नोंद होते, कारण तेथे हेक्टरी उतारा मोजलेला असतो. कोणाच्या पाठीवर किती तास वाढले, हे बहुतेक ठिकाणी मोजलेलेच नसते.

सरकारी मदतीचा मार्ग कोणता, हेही पाहण्यासारखे आहे. शेतीच्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग दोन गोष्टींवर जातो: सुमारे १० लाख शेतकऱ्यांना अनुदानित बियाणे आणि खत देणारी योजना, आणि हमीभावाने मका विकत घेणारी सरकारी यंत्रणा. या योजना राजकीयदृष्ट्या पवित्र आहेत. १९८६ च्या डिसेंबरात मक्याच्या पिठावरचे अनुदान काढले तेव्हा खाणपट्ट्यात दंगली झाल्या, माणसे मेली, आणि राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांना निर्णय मागे घ्यावा लागला. १९९० मध्ये पुन्हा तेच घडले, आणि पुढच्याच वर्षी त्यांची सत्ता गेली. तेव्हापासून प्रत्येक सरकारने ओळखले आहे की शहरातला आणि खाणपट्ट्यातला माणूस पिठाच्या भावावर सरकार पाडू शकतो. कमी पाण्यावर येणारी ज्वारी, बाजरी, चवळी किंवा भुईमूग यांसाठी असा दबाव कधीच तयार झाला नाही, आणि यातली भुईमूग-चवळीसारखी पिके बऱ्याच भागांत स्त्रियांची मानली जातात. दुष्काळाला सर्वांत हळवे असलेले पीक सर्वांत जास्त अनुदान घेते, हा निव्वळ राजकारणाचा परिणाम आहे.

अनुदान मिळवायला सहकारी संस्थेचे सभासद व्हावे लागते आणि आपला हिस्सा आगाऊ भरावा लागतो. नोंदणी ज्याच्या नावावर, लाभ त्याच्या नावावर. २०१७-१८ पासून याच योजनेला हवामान-निर्देशांकावर आधारित पीकविमाही जोडला गेला. पाऊस फसला तर पैसे मिळतात, पण तेही नोंदलेल्या नावालाच. घरात नांगरणी, पेरणी, निंदणी, काढणी करणारी बाई या नोंदीत नसेल, तर विम्याच्या दृष्टीने तिचे काहीच बुडालेले नसते.

आता कायद्याविषयी. झांबियाच्या राज्यघटनेतील २३ व्या कलमात भेदभावाला मनाई आहे, परंतु त्याच कलमाच्या चौथ्या उपकलमाने विवाह, घटस्फोट, मृत्यूनंतरची वाटणी आणि रूढी कायदा हे विषय त्या मनाईतून वगळले आहेत. बहुसंख्य स्त्रियांचे आयुष्य नेमके ज्या विषयांनी ठरते, तेथेच समानतेची हमी थांबते. १९८९ च्या वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या मालमत्तेत मुलांना ५० टक्के आणि विधवेला २० टक्के हिस्सा दिला, आणि तो त्या काळी मोठा विजय मानला गेला. पण रूढिगत पद्धतीने धारण केलेली जमीन त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे, आणि खेड्यातील जमीन तर जवळजवळ सगळी रूढिगतच आहे. विधवेला भांड्यांत, सायकलीत, कोंबड्यांत वाटा मागता येतो. ज्या शेतावर तिने वीस वर्षे राबून घर चालवले, त्या शेतात मात्र मागता येत नाही. मातृवंशीय समाजातही नवऱ्याची जमीन त्याच्या बहिणीच्या मुलांकडे जाऊ शकते, म्हणून मातृवंश म्हणजे स्त्रीसत्ता अशी समजूत करून घेऊ नये. ज्या शेतावरून पुढल्या वर्षी हुसकावले जाण्याची शक्यता आहे, त्यात बाई झाडे का लावील आणि बांध का घालील, हा प्रश्न जमिनीच्या धूपेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

ही घटनात्मक फट बुजवण्याची संधी एकदा आली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये सार्वत्रिक निवडणुकीबरोबरच मूलभूत हक्कांचा विस्तार करण्यासाठी सार्वमत घेतले गेले. त्यात अन्न, पाणी, आरोग्य यांसारख्या सामाजिक-आर्थिक हक्कांचाही समावेश होता. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी होकार दिला. पण निर्णयासाठी किमान ५० टक्के मतदान आवश्यक होते आणि झाले ४४ टक्के. सार्वमत पक्षीय प्रचाराच्या धुमाळीत ओढले गेले आणि विरोधी पक्षाने त्याला साथ दिली नाही. दुष्काळाच्या चर्चेत या सार्वमताचे नाव कोणी काढत नाही. माझ्या मते हवामानाच्या कोणत्याही प्रकल्पापेक्षा त्याचे अपयश अधिक महाग पडले.

सरकारची इच्छा असली की काय होऊ शकते, याचेही उदाहरण येथेच आहे. २०१८-१९ च्या हंगामात दक्षिण आणि पश्चिम प्रांतांत पाऊस फसला, तेव्हा मागणी होऊनही तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एडगर लुंगू यांच्या सरकारने राष्ट्रीय आपत्ती घोषित केली नाही. त्याच काळात गरिबांना थेट रोख रक्कम देणाऱ्या योजनेतील गैरव्यवहार उघड झाल्याने ब्रिटनसह काही देणगीदारांनी पैसे थांबवले होते, कर्जाचे हप्ते वाढत होते, आणि लाभार्थ्यांना महिनोन्‌महिने रक्कम मिळत नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये तर देशाने परकीय रोख्यांचे व्याज थकवले. पाच वर्षांनी, २९ फेब्रुवारी २०२४ रोजी, त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले हाकाइंडे हिचिलेमा यांनी पीक काढणीला येण्यापूर्वीच राष्ट्रीय आपत्ती घोषित केली, आणि रोख मदतीची तीच योजना दुष्काळासाठी विस्तारली. दोन्ही दुष्काळांची तीव्रता वेगळी होती हे खरे. तरी प्रतिसादातला फरक पावसाने ठरवलेला नव्हता. फटका बसलेल्या प्रदेशाची मते कोणाच्या पारड्यात आहेत, हे दोन्ही वेळी वेगळे होते, एवढे वाचकाने लक्षात ठेवावे.

या रोख योजनेविषयी मला आदर आहे. २००३ मध्ये कालोमो जिल्ह्यात लहान प्रयोग म्हणून ती सुरू झाली आणि आज १० लाखांहून अधिक घरांपर्यंत पोहोचते. पैसे घेणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत, आणि रक्कम लहान असली तरी ती कोणाच्या मध्यस्थीशिवाय तिच्या हातात पडते. काटेकोर तुलनात्मक अभ्यासांत असे दिसले की ही रक्कम मिळणारी घरे खाणे कमी न करता वाईट हंगाम काढू शकतात आणि कोंबड्या-शेळ्या विकून मोकळी होत नाहीत. कर्जफेडीच्या ताणात सर्वांत आधी थकणारा खर्चही हाच असतो, कारण घेणाऱ्यांना संप करता येत नाही.

खाणींचे प्रदूषण आणि हवामान हे दोन वेगळे विषय समजले जातात. नदीकाठी भाजीपाला लावणाऱ्या बाईला ते वेगळे भासत नाहीत. पावसावरचा मका गेला की ती नदीच्या पाण्यावर टोमॅटो आणि पालेभाजी काढते. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी खाणपट्ट्यातील चांबिशीजवळ एका चिनी मालकीच्या खाणीचा टाकाऊ पाण्याचा बांध फुटला आणि आम्लयुक्त पाणी ओढ्यातून काफुए नदीत गेले. किटवे शहराचा पाणीपुरवठा बंद करावा लागला. दुष्काळानंतरच्या पहिल्या हंगामात नदीचा आधारही असा गेला.

या संदर्भात गोव्यातील वाचकांना ओळखीचे एक नाव येते. सेसा गोवाची मालक असलेल्या वेदांता समूहाने २००४ मध्ये याच खाणपट्ट्यातील चिंगोला येथील कोंकोला खाणी घेतल्या. पाणी आणि जमीन प्रदूषित झाल्याची तक्रार घेऊन सुमारे १,८०० गावकरी थेट इंग्लंडच्या न्यायालयात गेले. १० एप्रिल २०१९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने दावा इंग्लंडमध्ये चालवता येईल असा निर्णय दिला, आणि त्यामागचे एक कारण असे नोंदवले की, इतक्या गरीब लोकांना असा खटला झांबियात चालवायला पैसा आणि अनुभवी वकील मिळण्याची व्यवस्था नाही. २०२१ मध्ये कंपनीने जबाबदारी मान्य न करता तडजोड केली. न्याय मिळवायला खंड ओलांडावा लागणे, ही खनिजावर चालणाऱ्या राज्याची फार मोठी खूण आहे. भरपाईच्या यादीत शेताचा धारक म्हणून कोणाचे नाव येते, हा प्रश्न तेथेही उरतोच.

‘स्त्रिया सत्तेत आल्या की हे बदलेल’ या मताला मी पूर्ण होकार देत नाही. झांबियाच्या उपराष्ट्राध्यक्षपदी २०१५ पासून स्त्रियाच आहेत: आधी इनोंगे विना, आणि २०२१ पासून मुताले नालुमांगो. आपत्ती निवारणाचा विभाग त्याच कार्यालयाकडे आहे. २०२१ मध्ये संसदेला पहिल्या महिला अध्यक्षा मिळाल्या. तरी त्या वर्षी निवडून आलेल्या संसदेत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्केच होते, आणि त्याच वर्षी स्वतंत्र महिला मंत्रालय बंद करून त्याचा एक विभाग केला गेला. वरच्या खुर्चीत बाई बसली तरी उमेदवारी विकत घ्यायला लागणारा पैसा, पक्षाची यंत्रणा आणि चीफची मर्जी तशीच राहते. दुसऱ्या बाजूने, सगळ्या स्त्रिया सारख्याच हलाखीत आहेत असेही नाही. शहरात नोकरी करून गावाकडे जमीन घेणारी बाई आणि त्याच जमिनीवरून उठलेली विधवा यांचे हितसंबंध एक नाहीत. दुष्काळात शहरात मजुरी शोधत फिरणाऱ्या तरुण मुलांचे हालही कमी नसतात. मदतीच्या याद्यांत ते तर कुठेच नसतात.

यापुढचा काळ अधिक कसोटीचा आहे, असे मला वाटते. विजेच्या गाड्या आणि पवनचक्क्या यांसाठी जगाला तांबे हवे आहे, आणि झांबिया सरकारने वार्षिक उत्पादन ८ लाख टनांच्या आसपासून ३० लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी वीज लागेल, पाणी लागेल, जमीन लागेल. २०२५ मध्ये पाऊस चांगला झाला आणि मक्याचे पीक ३६ लाख टनांच्या वर गेले, त्यामुळे २०२४ विसरण्याची घाई सुरू झाली आहे. हवामानाला वाचवण्याच्या नावाने निघणाऱ्या तांब्याची किंमत ग्वेंबेतल्या बाईने दुसऱ्यांदा मोजावी, हे मला मान्य होणार नाही.

प्रश्नकर्त्याने शेवटी विचारले होते की, एखादी गोष्ट करता येण्यासारखी आहे का. मी पूर्व प्रांतातील चिपाटा आणि पेटाउके येथील कामाकडे बोट दाखवीन. तेथे गावकऱ्यांनी स्वतः शेतांच्या सीमा चालून मोजल्या, वाद गावातच मिटवले, आणि चीफच्या सहीने रूढिगत जमिनीची प्रमाणपत्रे दिली गेली, ज्यांवर नवरा-बायको दोघांची नावे किंवा एकट्या बाईचे नाव लिहिता येते. खर्च फार नाही, आणि बाईचे नाव लिहिले जावे यासाठी चीफला पटवणे शक्य होते, हे तेथे सिद्ध झाले आहे. उणीव अशी की, त्या प्रमाणपत्राला देशाच्या कायद्यात अजून भक्कम आधार नाही, आणि ज्या अमेरिकी मदतसंस्थेच्या पैशाने हे काम मोठे झाले ती २०२५ मध्ये मोडीत निघाली. म्हणून आता हा खर्च तांब्याच्या स्वामित्वधनातून झाला पाहिजे, आणि १९८९ च्या वारसा कायद्यातून रूढिगत जमीन वगळणारे उपकलम काढले पाहिजे. दोन्ही गोष्टी लुसाकाच्या संसदेच्या हातात आहेत; त्यांसाठी कोणत्याही जागतिक परिषदेची वाट पाहावी लागत नाही.